स्पीडवेचा सांघिक विश्वचषक पहिल्यांदा पाहताय? सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटारसायकल शर्यत. चार स्वार, चार फेऱ्या, नेहमी डावीकडे वळायचं, आणि साधारण एका मिनिटात निकाल. सोलापुरात असा ट्रॅक नाही. त्यामुळे इथे हा खेळ कळतो तो मोबाइलवर किंवा टीव्हीवर, रात्री उशिरा, आणि बहुतेकदा एकट्यानेच. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. त्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळी करणारे दोघं आहेत, एक शिक्षक आहेत, बाकीचे कॉलेजातले. नवा कुणी आला की त्याला तेच तेच सगळं पुन्हा सांगावं लागतं, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतोय.

वैयक्तिक जगज्जेतेपद समजायला सोपं आहे, तिथे पुढे कोण आहे तेवढं पाहिलं तरी चालतं. सांघिक स्पर्धेला हिशेब लागतो. तिथे पहिला आलेला स्वार हरलेल्या देशाचा असू शकतो, आणि चौथ्या फेरीत शेवटच्या वळणावर एकाला मागे टाकून तिसरा आलेला पोरगा देशाला चषक मिळवून देतो. नवखा प्रेक्षक साहजिकच सगळ्यात पुढच्या गाडीवर डोळा ठेवतो. तुम्ही पहिल्या दिवसापासून तिसऱ्या गाडीकडे पाहायची सवय लावून घ्या. पुढे जे सांगतोय ते सगळं त्यासाठीच आहे.

आधी गाडी ओळखा

या गाडीला ब्रेक नसतात. पुढेही नाही आणि मागेही नाही. गिअर एकच. इंजिन ५०० सीसीचं, एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, आणि इंधन पेट्रोल नसून मिथेनॉल. गाडीचं वजन किमान ७७ किलो असावं असा नियम आहे, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या साध्या शंभर सीसीच्या गाडीहूनही ती हलकी. आणि ताकद कितीतरी पट जास्त. शर्यत सुटल्यावर साधारण तीन सेकंदांत ती शंभराच्या वेगाला पोचते.

गॅरेजवाल्या कुणालाही हे सांगा, लगेच विचारतो, ‘मग वळणावर करतात काय?’ अगदी बरोबर प्रश्न आहे, आणि सगळा खेळ त्याच्या उत्तरात आहे. वळणाच्या तोंडाशी स्वार मागचं चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरवतो. गाडी डावीकडे जात असते आणि हँडल उजवीकडे वळलेलं असतं. घसरणारं चाक माती उकरतं आणि त्यातच वेग कमी होतो. किती घसरायचं आणि केव्हा सरळ व्हायचं, हे उजव्या हाताच्या मुठीवर ठरतं. रेस थोडी जास्त झाली तर गाडी फिरते, कमी पडली तर टायर एकदम पकडतो आणि स्वार फेकला जातो. डावा पाय जमिनीला टेकवलेला असतो. त्या बुटाखाली लोखंडी तळ बांधतात, नाहीतर बूट एका रात्रीत संपेल.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. मिथेनॉलची ज्वाळा उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, आगीबाबत फार दक्ष राहावं लागतं. आणि स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली दिसेल. तो पडला की ती दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होतं.

शर्यत सुरू होताना काय पाहायचं

सुरुवातीच्या रेषेवर चार जागा असतात, त्यांना गेट म्हणतात. एक नंबरचं गेट सगळ्यात आतलं, चार नंबरचं कुंपणाकडचं. समोर टेप ताणलेल्या असतात, त्या वर उडाल्या की सुटायचं. टेप सुटण्याआधी गाडी तिला लागली तर तो स्वार त्या शर्यतीतून बाद होतो. घंटा वाजल्यावर दोन मिनिटांत रेषेवर यायचं असतं, आणि वेळेत न आलेलाही बाद.

रेषेवर आल्यावर स्वार बुटाने माती खरवडताना दिसतात. वेळ काढण्यासाठी ते हे करत नाहीत. मागच्या चाकाला पकड मिळावी म्हणून ते आपापल्या गेटमध्ये खाच तयार करत असतात. क्लच सोडताना चाक फिरत राहिलं आणि गाडी जागच्या जागी राहिली, तर शर्यत तिथेच हातची गेलेली असते.

पहिलं वळण सगळ्यात धोक्याचं. चौघं एकाच वेळी तिथे पोचतात. तिथे गर्दीत कुणी पडला आणि नेमका दोष कुणाचा हे सांगता येत नसेल, तर पंच चौघांनाही परत रेषेवर बोलावतात. दोष स्पष्ट असेल तर दोषी बाद आणि उरलेल्या तिघांची शर्यत पुन्हा. नवीन माणूस इथे गोंधळतो, ‘शर्यत तर झाली होती, मग पुन्हा का?’ म्हणून सांगून ठेवतो.

मातीकडे लक्ष द्या

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण टीव्हीवर हेच सगळ्यात कमी दाखवतात.

ट्रॅकचा खालचा थर घट्ट असतो आणि त्यावर सुटी, भरड माती असते. कुस्तीच्या आखाड्यातली माती जशी वस्ताद रोज खणतो, चाळतो, ओलावा बघतो, तशीच ही माती राखावी लागते. ठरावीक शर्यतींनंतर ट्रॅक्टर येऊन ती सारखी करतो आणि टँकर पाणी मारतो. हा वेळ चहा करायला चांगला, पण एक जण पडद्यासमोर बसू द्या. पाणी आतल्या बाजूला जास्त मारलं की बाहेरच्या, हे पाहून पुढच्या चार शर्यतींत कुठल्या गेटला फायदा होणार याचा अंदाज बांधता येतो.

शर्यती चालू झाल्या की चाकं ती सुटी माती हळूहळू बाहेर, कुंपणाकडे फेकत जातात. त्यामुळे सुरुवातीला आतली वाट जवळची आणि चांगली असते. रात्र चढते तशी आतली बाजू गुळगुळीत होते आणि बाहेर मातीचा पट्टा जमतो. त्या पट्ट्यात चाक रोवलं तर गाडीला जोर मिळतो. अंतर जास्त पडतं, पण वेग इतका वाढतो की कुंपणाला जवळजवळ खांदा लावून गेलेला स्वार सरळ पट्टीवर आतल्याला गाठतो. हे धाडस सगळ्यांना जमत नाही. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक सहा वेळा जगज्जेता झालाय, आणि त्याच्या शर्यती पाहताना मी सगळ्यांना एकच सांगतो: तो दुसऱ्या फेरीत कुठली वाट शोधतोय ते पाहा. पहिल्या फेरीत मागे असेल तरी चालतं.

माती मागच्यांच्या अंगावर किती येते तेही पाहा. स्वारांच्या गॉगलवर पातळ फिल्म लावलेल्या असतात. शर्यत चालू असताना एका हाताने ती ओढून टाकतात आणि पुढचं दिसायला लागतं. म्हणूनच मागून येऊन तिसरा क्रमांक काढणं पहिल्या क्रमांकाइतकंच मोलाचं मानतो मी. त्याने ते मातीच्या माऱ्यात केलेलं असतं.

आता कागद घ्या

मोबाइलवरच्या गुणतक्त्यावर विसंबू नका. पोलंड-इंग्लंडमधले जुने प्रेक्षक मैदानात हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन घेऊन बसतात, प्रत्येक शर्यतीनंतर स्वतः गुण भरतात. आपणही तेच करायचं. शाळेच्या वहीचं मधलं पान काढा.

स्पीडवे वर्ल्ड कपच्या अंतिम फेरीत चार देश असतात. प्रत्येक शर्यतीत चारही देशांचा एकेक स्वार उतरतो. हेल्मेटचा रंग देशानुसार असतो: लाल, निळा, पांढरा, पिवळा. स्वारांची नावं नंतर पाठ होतील, पहिल्या रात्री फक्त रंग लक्षात ठेवा. पानावर चार उभे रकाने करा, वर देशाचं नाव आणि रंग लिहा. आडव्या ओळी वीस, कारण शर्यती वीस. गुण ३, २, १ आणि शेवटच्याला शून्य.

आता आमच्या गटातल्या शिक्षकांनी बसवलेली एक युक्ती. प्रत्येक शर्यतीत एकूण सहा गुण वाटले जातात. वीस शर्यती म्हणजे १२०. चार देशांत सारखे वाटले तर प्रत्येकी ३०. म्हणजे चार शर्यतींनंतर ६, आठनंतर १२, बारानंतर १८, सोळानंतर २४ ही झाली बरोबरीची रेष. प्रत्येक चौथ्या ओळीखाली हा आकडा पेन्सिलीने आधीच लिहून ठेवा. तुमचा देश त्या आकड्याच्या किती वर किंवा खाली आहे, एवढ्यावरून स्पर्धा कुणीकडे झुकतेय ते कळतं. समालोचकाची भाषा कळली नाही तरी चालतं.

या रेषेमुळे आणखी एक गोष्ट दिसते. दोन शर्यती जिंकून दोन वेळा शेवटी आलेला संघ चार शर्यतींत ६ गुणांवर असतो. एकही शर्यत न जिंकता दोनदा दुसरा आणि दोनदा तिसरा आलेला संघही बरोबर ६ वरच. टाळ्या पहिल्याला पडतात, पण कागदावर दोघं सारखे. २०२३ ला व्रॉत्सवाफमध्ये पोलंडने विश्वचषक जिंकला तो ब्रिटनपेक्षा फक्त दोन गुण जास्त घेऊन. वीस शर्यतींत दोन गुण! कुठल्या तरी दोन शर्यतींत एखादा स्वार शेवटी न राहता तिसरा आला, इतकाच तो फरक.

जुन्या अंतिम फेऱ्या पाहत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. तेव्हा ‘जोकर’ नावाची सोय होती. मागे पडलेल्या संघाला एखाद्या स्वाराचे गुण दुप्पट करून घेता यायचे. त्यामुळे कुणाच्या नावापुढे सहा दिसले तर तुमचं गणित चुकलंय असं समजू नका.

दोन स्पर्धा, दोन वेगळे हिशेब

इथे नवखे लोक हमखास फसतात. ‘सांघिक जगज्जेतेपद’ या नावाखाली आज दोन स्पर्धा आहेत.

एक, वर सांगितलेला स्पीडवे वर्ल्ड कप. विजेत्यांना मिळणाऱ्या चषकाला स्वीडनच्या ओवे फुंडिन यांचं नाव आहे, ते पाच वेळा वैयक्तिक जगज्जेते होते. २०१७ नंतर ही स्पर्धा थांबली, २०२३ ला परत आली आणि आता दर तीन वर्षांनी घ्यायचं ठरलंय.

दुसरी स्पीडवे ऑफ नेशन्स. ती २०१८ ला सुरू झाली. यात देशाकडून दोघांची जोडी उतरते, सोबत एक तरुण राखीव स्वार. अंतिम फेरीत सात देश, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ, म्हणून शर्यती २१. एका शर्यतीत दोनच देश, दोघांचे दोन दोन स्वार.

आणि गुण? ४, ३, २ आणि शून्य. हा आकड्यांचा क्रम नीट पाहा. एका देशाचा स्वार पहिला आला आणि त्याचा जोडीदार शेवटी राहिला, तर त्यांचे गुण ४. समोरचे दुसरे आणि तिसरे आले तर त्यांचे ५. म्हणजे शर्यत जिंकूनही तुम्ही हरलात! त्यामुळे पुढे असलेला स्वार वारंवार मान वळवून मागे बघताना दिसतो. तो जोडीदार कुठे आहे ते शोधत असतो. जोडीदार मागे असेल तर चांगला स्वार वळणावर जरा रुंद जातो, प्रतिस्पर्ध्याची बाहेरची वाट अडवतो आणि आतून आपल्या माणसाला जागा करून देतो. स्वतःची आघाडी धोक्यात घालून केलेलं हे काम मला या खेळातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. त्यासाठी वेगळी आकडेवारी नसते, ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

या स्पर्धेसाठी बरोबरीची रेष वेगळी आखा. प्रत्येक शर्यतीत ९ गुण, प्रत्येक देशाच्या सहा शर्यती, म्हणून सरासरी २७. पण इथे गुणतक्ता संपला की स्पर्धा संपत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या देशांत एक शर्यत होते आणि तिचा विजेता पहिल्या क्रमांकाच्या देशाशी अखेरची शर्यत खेळतो. रात्रभराचं वर्चस्व एका मिनिटात जाऊ शकतं, हे काहींना अन्यायाचं वाटतं. मलाही वर्ल्ड कपचीच पद्धत जास्त पटते, कारण तिथे प्रत्येक गुण शेवटपर्यंत मोजला जातो.

वर्ल्ड कपच्या शर्यतीत प्रत्येक देशाचा एकटाच स्वार असतो आणि त्याचा संघ पिटमध्ये उभा असतो. नेशन्समध्ये संघ ट्रॅकवरच असतो. हा फरक डोक्यात बसला की दोन्ही स्पर्धा पाहायची नजर आपोआप वेगळी होते.

कुणाकडे पाहायचं

सांघिक जगज्जेतेपद १९६० पासून आहे. पहिलं स्वीडनने गॉथेनबर्गला जिंकलं, पुढच्याच वर्षी पोलंडने. सत्तरच्या दशकात ब्रिटनचा दबदबा होता, ऐंशीच्या दशकात डेन्मार्कचा. १९७९ ला न्यूझीलंडसारखा छोटा देशही जिंकून गेला. २००१ पासून स्पर्धा नव्या रूपात वर्ल्ड कप म्हणून सुरू झाली. त्यात पोलंडचे नऊ विजय आहेत, बाकी कुणीही त्याच्या जवळपास नाही.

मग पोलंड नेहमीच जिंकतो का? अजिबात नाही. जोड्यांच्या स्पर्धेत २०१८ ते २०२४ या काळात पोलंडला एकदाही पहिलं येता आलं नाही. पहिली तिन्ही वर्षं रशियाची. २०२१ ला मँचेस्टरमध्ये ब्रिटन, २०२२ ला डेन्मार्कच्या व्होयेन्समध्ये ऑस्ट्रेलिया, २०२४ ला परत ब्रिटन. पोलंडकडे चांगले स्वार डझनाने आहेत, पण जोडीत दोघंच लागतात आणि त्यांना एकमेकांसाठी गाडी चालवावी लागते. रशियाचं नाव आता कुठे दिसत नाही, कारण युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये एफआयएम या जागतिक महासंघाने रशियाच्या स्वारांवर बंदी घातली.

ब्रिटनच्या २०२१ च्या विजयावर तिथले लोक रडले होते. त्याआधीचं सांघिक विजेतेपद १९८९ चं, ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावरचं. त्या रात्री पहिल्याच शर्यतीत डेन्मार्कचे एरिक गुंडरसन भीषण अपघातात सापडले. तीन वेळचे जगज्जेते. जीव वाचला, पण त्यांची कारकीर्द तिथेच संपली. हे मुद्दाम सांगतोय. या खेळात कुणी पडला की आपल्याकडे काही जण ओरडून दाद देतात. तसं करू नका. आता कुंपणाला हवेचे गादीसारखे अडथळे असतात, पण ब्रेक नसलेल्या गाडीवरून पडलेला माणूस उठून हात वर करेपर्यंत मैदानही गप्प असतं.

सोलापुरात बसून पाहायचं तर

वेळेचा घोळ आधी मिटवा. पोलंड, डेन्मार्क, स्वीडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. तिथे संध्याकाळी ७ म्हणजे आपल्याकडे रात्री १०.३०. ब्रिटन साडेचार तास मागे, म्हणजे तिथले ७ आपल्याकडे ११.३०. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग त्यात एक तास वाढवा. शर्यती प्रत्येकी मिनिटभराच्या असल्या तरी सगळा कार्यक्रम अडीच-तीन तास चालतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असेल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं. पाऊस आला तर अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी ढकलली जाऊ शकते, तेव्हा झोपण्याआधी एकदा अधिकृत संकेतस्थळ बघा. प्रक्षेपणाचे हक्क बदलत राहतात, त्यामुळे कुठे दिसणार हेही एफआयएम स्पीडवेच्या संकेतस्थळावरच तपासा. कुणीतरी पाठवलेल्या चोरट्या लिंकवर ऐन विसाव्या शर्यतीत पडदा काळा होतो.

अंतिम फेरी लांब असेल तर आधी एखादी जुनी शर्यत लावून सराव करा. पहिल्यांदा फक्त सुटायचा क्षण पाहा, दुसऱ्यांदा फक्त तिसरी गाडी. आवाज बंद करून पाहिलं तर मातीची वाट जास्त चांगली दिसते, हा माझा अनुभव. गटाने बसणार असाल तर प्रत्येकाला एक रंग वाटून द्या, त्याने फक्त त्याच हेल्मेटचे गुण लिहायचे. आमच्याकडे भांडणं त्यामुळे बरीच कमी झाली. शेंगा आणि चहा जवळ असू द्या, कारण ट्रॅक्टर फिरत असताना हात रिकामे राहतात.

स्वतः चालवायची इच्छा झाली तर

होणारच. कॉलेजातली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात. विजापूर रोडवर किंवा होटगी रोडच्या मोकळ्या प्लॉटवर आपली गाडी घसरवून पाहू नका, कृपा करून. रस्त्यावरच्या गाडीचा टायर, तिचं वजन, तिचं सस्पेन्शन, काहीच त्यासाठी बनवलेलं नसतं, आणि मनगटाला ती दोरीही नसते.

रीतसर वाट अशी. भारतात मोटारस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही संघटना पाहते, आणि अधिकृत स्पर्धेत उतरायला तिचा परवाना लागतो. मातीवर गाडी घसरवायचं प्राथमिक शिक्षण फ्लॅट ट्रॅक किंवा डर्ट बाइकच्या शाळेत मिळतं. डकार रॅलीत उतरलेले सी. एस. संतोष यांनी कर्नाटकात कोलारजवळ बिग रॉक नावाचं प्रशिक्षण केंद्र उभं केलंय. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठायचं आणि तिथून पुढे रस्त्याने. जाण्याआधी त्या वेळी कोणता वर्ग चालू आहे, फी किती, वयाची अट काय, सुरक्षेचं साहित्य तिथे मिळतं की स्वतःचं न्यावं लागतं, हे फोनवर विचारून घ्या. अठराच्या आतल्या मुलांनी घरच्यांची लेखी संमती सोबत ठेवावी. आणि पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यांना सांगा की तुम्हाला रेस कमी-जास्त करून मागचं चाक सांभाळायला शिकायचंय. वेग किती गाठला ते त्यानंतर बघू.